भर समुद्रात मोबाईल बंद, तरी मदत पोहोचते कशी? शिडाच्या होडीवरचा छोटा डबा कसा वाचवतो जीव, वाचा सविस्तर

गावात रेंज गेली की आपण गच्चीवर जातो, नाहीतर टेकाडावर चढतो. थोडी रेंज मिळाली की फोन लागतो. समुद्रात असं टेकाड नाही. होडी किनाऱ्यापासून बरीच आत गेली की टॉवर मागे राहतात आणि हातातल्या महागड्या फोनचं काम घड्याळ अन् कॅमेऱ्यापुरतं उरतं. मग अशा ठिकाणी होडी उलटली, माणूस जखमी झाला, तर कळवायचं कोणाला आणि कसं?

याचं उत्तर एका खऱ्या घटनेतून समजून घेऊ.

२१ सप्टेंबर २०१८. भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी 'थुरिया' नावाच्या शिडाच्या होडीत एकटेच होते. ठिकाण हिंदी महासागराचा दक्षिण भाग. मोठ्या वादळात होडी उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. उठून उभं राहणंही शक्य नव्हतं. ऑस्ट्रेलियातलं पर्थ शहर तिथून सुमारे १९०० सागरी मैल, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटर लांब. आसपास ना बंदर, ना दुसरी वस्ती.

तरीही तीन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, फ्रान्सचं 'ओसिरिस' हे गस्ती जहाज नेमकं त्यांच्या होडीपाशी येऊन पोहोचलं. त्याआधी मॉरिशसहून उडालेल्या भारतीय नौदलाच्या पी-८आय विमानाने होडी वरून शोधून काढली होती. एवढ्या पाण्यात एक होडी सापडली, कारण ती कुठे आहे हे शोधणाऱ्यांना आधीच माहीत होतं. होडीवरचा ट्रॅकर आणि टॉमी यांनी सुरू केलेला आपत्कालीन बीकन ही माहिती देत होते.

शर्यत परदेशातली, होडी मात्र गोव्याची

टॉमी ज्या शर्यतीत होते तिचं नाव 'गोल्डन ग्लोब'. १ जुलै २०१८ रोजी ती फ्रान्समधल्या ले साब्ल दोलोन या बंदरातून सुरू झाली. एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या होडीतून पृथ्वीला फेरी मारायची, अशी ही शर्यत. त्यातही १९६८ सालच्या पद्धतीने, म्हणजे जीपीएस न वापरता, सूर्य-तारे बघून वाट काढायची.

या शर्यतीशी आपल्या किनाऱ्याचं जुनं नातं आहे. १९६८-६९ च्या पहिल्या शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 'सुहेली' या होडीतून ३१२ दिवसांत फेरी पूर्ण केली. एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. ती 'सुहेली' सागवानाची आणि बांधली गेली होती मुंबईत. टॉमी यांची 'थुरिया' ही तिचीच प्रतिकृती, गोव्यात बांधलेली. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये जिच्यातून पहिली भारतीय एकल पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'म्हादेई' आणि नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांनी जगाला फेरी मारली ती 'तारिणी', या होड्याही गोव्यातच तयार झाल्या.

१९६८ मध्ये मात्र असा बीकन नव्हता. नॉक्स-जॉन्स्टन यांचा रेडिओ वाटेत बिघडला. न्यूझीलंडनंतर चार महिन्यांहून जास्त काळ ते जिवंत आहेत की नाहीत, हेच घरच्यांना कळत नव्हतं. म्हणून आजच्या गोल्डन ग्लोबमध्ये वाट शोधायची जुनी पद्धत असली, तरी आपत्कालीन बीकन मात्र प्रत्येक होडीवर सक्तीचा आहे.

डब्यात असतं तरी काय?

या बीकनला 'ईपर्ब' म्हणतात. पाण्याच्या बाटलीएवढा, पिवळा किंवा केशरी डबा. वर अँटेना, चमकणारा दिवा, आत बॅटरी आणि रेडिओ. तो ४०६ मेगाहर्ट्झ या खास फ्रिक्वेन्सीवर बोलतो. ही फ्रिक्वेन्सी जगभर फक्त संकटाच्या इशाऱ्यासाठी राखून ठेवली आहे.

बटण दाबलं की साधारण दर ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा एक छोटा संदेश आकाशाकडे जातो. त्यात त्या बीकनचा स्वतःचा वेगळा क्रमांक असतो, आपल्या आधार नंबरसारखा, जगात दुसरा तसा नाही. बीकनमध्ये जीपीएस असेल तर ठिकाणही त्याच संदेशात जातं. बॅटरी निदान ४८ तास चालली पाहिजे असा नियम आहे.

काही बीकन आपोआप सुरू होतात. ते बाहेर एका खाचेत बसवलेले असतात. होडी बुडून पाण्याचा दाब वाढला की साधारण ४ मीटर खोलीच्या आतच खाचेचं कुलूप सुटतं, बीकन वर तरंगतो आणि पाणी लागल्यावर चालू होतो. माणूस बेशुद्ध असला तरी संदेश जातो.

याच जातीचा छोटा भाऊ म्हणजे 'पीएलबी'. तो खिशात किंवा लाईफ जॅकेटला अडकवता येतो. त्याची बॅटरी निदान २४ तासांची. ईपर्ब असतो होडीच्या नावावर, पीएलबी माणसाच्या नावावर.

संदेश जातो कुठे?

हे काम 'कोस्पास-सार्सॅट' ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था करते. अमेरिका, सोव्हिएत रशिया, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून ती उभी केली. त्यावेळी अमेरिका आणि रशियामध्ये शीतयुद्ध सुरू होतं, पण माणसं वाचवायच्या कामात ते एकत्र आले. पहिला उपग्रह १९८२ मध्ये गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनडात कोसळलेल्या एका छोट्या विमानातली तीन माणसं या व्यवस्थेमुळे वाचली.

संदेशाचा प्रवास असा होतो. बीकनचा आवाज उपग्रह ऐकतो आणि जमिनीवरच्या केंद्राला कळवतो. भारतात अशी केंद्रं बेंगळुरू आणि लखनऊला आहेत. तिथून माहिती इस्रोच्या बेंगळुरू येथील नियंत्रण केंद्रात येते. मग ठिकाण बघून ती त्या भागाच्या बचाव केंद्राकडे पाठवली जाते. आपल्या पश्चिम किनाऱ्यासाठी हे बचाव केंद्र तटरक्षक दलाचं, मुंबईत आहे. टॉमी यांच्या वेळी होडी ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या बचाव क्षेत्रात होती, म्हणून शोधाची सूत्रं ऑस्ट्रेलियाकडे होती.

आता प्रश्न पडेल, जीपीएस नसलेल्या बीकनचं ठिकाण कसं कळतं? एसटी आपल्याकडे येताना हॉर्नचा आवाज चढा वाटतो आणि पुढे निघून गेली की उतरतो. तसाच फरक वेगाने जाणाऱ्या उपग्रहाला बीकनच्या लहरींमध्ये दिसतो आणि त्यावरून ठिकाणाचा हिशेब निघतो. पण या पद्धतीत काही किलोमीटरची चूक राहू शकते. जीपीएस असेल तर ती साधारण शंभर मीटरवर येते. रात्रीच्या लाटांत हा फरक फार मोठा असतो.

नवीन काही बीकनमध्ये आणखी एक सोय आहे. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांमार्फत '२०२० पासून उलट पोच' मिळते. संदेश पोहोचला की डब्यावरचा एक वेगळा दिवा लागतो. पाण्यात एकट्या पडलेल्या माणसाला 'आपलं कोणीतरी ऐकलंय' एवढं कळणं केवढं मोठं असतं, हे सांगायला नको.

सगळ्यात महत्त्वाचं काम घरी बसून करायचं

इथे बरेच जण चुकतात. बीकन विकत घेतला, होडीवर लावला, झालं काम, असं वाटतं. पण बीकन फक्त क्रमांक पाठवतो. तो क्रमांक कोणाचा, होडी कसली, रंग कुठला, माणसं किती, घरचा फोन कोणता, ही माहिती नोंदणीत असते. भारतीय बीकनची नोंदणी इस्रोच्या केंद्राकडे होते.

इशारा आला की बचाव केंद्र आधी नोंदणीतल्या नंबरवर फोन करतं. 'तुमची होडी समुद्रात गेली आहे का? कधी निघाली? कुठे जाणार होती?' असं विचारतात. कारण जगभरातून येणारे बरेच इशारे चुकून सुरू झालेल्या बीकनचे असतात. घरच्यांनी 'हो, बाहेर आहे' म्हणताच शोधाला दिशा मिळते. नंबर बंद असेल, सिमकार्ड बदललं असेल, होडी विकून मालक बदलला असेल, तर तपासातच वेळ जातो.

म्हणजे या सगळ्या यंत्रणेत घरातल्या माणसाचाही वाटा आहे. बाहेरगावी, परदेशात बोटीवर काम करणारा मुलगा असेल, तर त्याच्या कागदपत्रात आपला कोणता नंबर दिलाय हे विचारून घ्या. तो नंबर चालू ठेवा. रात्री-अपरात्री अनोळखी नंबरवरून फोन आला तरी उचला.

बीकन मदत बोलावतो, पण ती येईपर्यंत काय?

टॉमी यांना मदत मिळायला तीन दिवस लागले. मधला वेळ तग धरायचा तर दुसरी साधनं लागतात. याचं चांगलं उदाहरण त्याच शर्यतीच्या पुढच्या वेळचं, २०२२ सालचं आहे.

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या समुद्रात फिनलंडचे टापिओ लेहतिनेन यांच्या 'ॲस्टेरिया' होडीत मागच्या बाजूने पाणी शिरलं. साधारण पाच मिनिटांत होडी बुडाली. पाच मिनिटांत माणूस काय काय करणार? त्यांनी थंडीपासून वाचवणारा सूट अंगावर चढवला आणि फुगवायचा तराफा, म्हणजे लाईफ राफ्ट, पाण्यात सोडला. ईपर्ब पाण्यात गेल्यावर आपोआप सुरू झाला.

त्यांच्या सर्वात जवळची स्पर्धक होती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. तीसुद्धा जवळपास शंभर सागरी मैलांवर. तिला कळवताच तिने होडी वळवली, रात्रभर शिडं हाकली आणि सुमारे २४ तासांनी लेहतिनेन यांना तराफ्यातून उचललं. नंतर 'दर्या गायत्री' या मालवाहू जहाजावर त्यांना सुखरूप सोडलं. पुढे हीच कर्स्टन ती शर्यत जिंकली. दुसरा नंबर आला कण्याच्या दुखापतीतून उठून पुन्हा उतरलेल्या अभिलाष टॉमी यांचा.

आता हिशेब करा. बीकन होता म्हणून ठिकाण कळलं. सूट आणि तराफा होता म्हणून २४ तास निघाले. यातली एक गोष्ट नसती तर दुसरीचा उपयोग झाला नसता.

पिशवी हाताशी हवी

खोल समुद्रात जाणाऱ्या होडीवर एक 'पळायची पिशवी' भरून ठेवतात. त्यात पाणी, खाणं, हातात धरायचा व्हीएचएफ रेडिओ, सॅटेलाइट फोन किंवा मेसेज यंत्र, टॉर्च, औषधं, फ्लेअर असतात. टॉमी यांच्याकडेही अशी पिशवी होती. पण जखमी झाल्यावर ते बिछान्यातून हलू शकत नव्हते आणि पिशवी त्यांच्या हाताच्या टप्प्यात नव्हती. तिथवर पोहोचणं अवघड झालंय, असंही त्यांनी संदेशातून कळवलं होतं.

यातून घ्यायचा धडा सोपा आहे. वस्तू असणं वेगळं आणि आडवं पडल्या-पडल्या हाताला लागणं वेगळं. होडी छोटी असो की मोठी, ही जागा आधीच ठरवून ठेवावी.

तराफ्यात कधी उतरायचं?

लाईफ राफ्ट डब्यात नाहीतर पिशवीत घडी करून ठेवलेला असतो. त्याची दोरी आधी होडीला बांधायची, मग डबा पाण्यात टाकायचा आणि दोरी ओढत राहायची. झटका बसला की आतल्या सिलिंडरमधला गॅस सुटतो आणि तराफा फुगतो. दोरी न बांधता टाकला, तर वारा तो डोळ्यांदेखत घेऊन जातो.

दुसरी चूक म्हणजे घाई. १९७९ साली ब्रिटनजवळ 'फास्टनेट' शर्यतीत ३०३ होड्या उतरल्या होत्या. वादळ आलं, १५ स्पर्धकांचा जीव गेला. २४ होड्या माणसांनी सोडून दिल्या होत्या. पण प्रत्यक्षात बुडाल्या फक्त ५. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. तेव्हापासून जाणते खलाशी सांगतात की होडी खरोखरच पायाखालून जात असेल किंवा आग लागली असेल, तरच तराफा गाठा.

१९९७ मध्ये ब्रिटनचे टोनी बुलिमोर यांची होडी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला खोल समुद्रात पूर्ण उलटली. ते उलट्या होडीच्या पोटात, अडकलेल्या हवेत, अंधारात सुमारे चार दिवस राहिले. ऑस्ट्रेलियन नौदलाच्या 'ॲडलेड' या जहाजाने येऊन होडीवर ठोकलं, तेव्हा ते पोहत बाहेर आले. विमानाला आणि जहाजाला होडी दिसते, डोकं दिसत नाही. म्हणून शक्य असेल तोवर होडी सोडू नये.

माणूस पाण्यात पडूच नये म्हणून

लाटांमध्ये एकटं डोकं शोधणं फार कठीण. त्यामुळे शिडाच्या होडीवर पहिला बचाव म्हणजे पट्टा. डेकवर पुढून मागे एक मजबूत पट्टी ताणून बांधलेली असते. अंगातल्या हार्नेसची दोरी त्या पट्टीत अडकवूनच चालायचं. रात्री, एकटं असताना आणि वारा वाढला की ही सवय मोडायची नाही.

दुसरं लाईफ जॅकेट. 'उकडतं', 'कामात अडचण होते', ही तक्रार आपल्याकडे सगळ्यांची. पण आता गळ्यातल्या पट्ट्यासारखी पातळ जॅकेटं मिळतात. पाण्यात पडल्यावर ती आपोआप फुगतात. मात्र त्यातलं गॅसचं नळकांडं घट्ट बसलंय का, मुदत संपली नाही ना, हे पाहावं लागतं. पायांमधून जाणारा पट्टाही बांधावा, नाहीतर जॅकेट वर सरकतं आणि तोंड पाण्याखाली जातं.

जॅकेटला बसणारा छोटा 'एआयएस' बीकनही मिळतो. पडलेला माणूस कुठे आहे हे तो आपल्याच होडीच्या पडद्यावर आणि काही मैलांमधल्या इतर जहाजांवर दाखवतो. पडलेल्याला सगळ्यात लवकर कोण उचलू शकतं, तर त्याचीच होडी. म्हणून याचा उपयोग मोठा.

मदत जवळ आली, आता दिसायचं कसं?

शेवटच्या दोन-चार मैलांत वेगळी साधनं कामाला येतात.

व्हीएचएफ रेडिओ : १६ नंबरचं चॅनल संकटासाठी. जवळची सगळी जहाजं ते ऐकतात. रेडिओला लाल बटण असेल, तर ते दाबताच होडीचा क्रमांक आणि ठिकाण आपोआप जातं.

सार्ट : जहाजाच्या रडारवर १२ ठिपक्यांची सरळ रेघ उमटवणारं यंत्र. रेघ दिसली की कप्तानाला कळतं, तिकडे कोणीतरी संकटात आहे.

फ्लेअर : पॅराशूटचा लाल फ्लेअर सुमारे ३०० मीटर उंच जातो. हातातला लाल फ्लेअर साधारण एक मिनिट जळतो. केशरी धूर दिवसा विमानाला दिसतो. जहाज किंवा विमान दिसल्याशिवाय ते जाळून संपवू नयेत. धरताना वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करू नये आणि हात होडीबाहेर ठेवावा.

आपल्या किनाऱ्यावर काय सोय आहे?

आपल्या मच्छीमार नौकांसाठी इस्रोने 'डॅट' नावाचं यंत्र तयार केलंय. २०१० पासून ते वापरात आहे. आग लागली, नौका बुडतेय, माणूस पाण्यात पडला किंवा वैद्यकीय मदत हवी, असं कारण निवडून संदेश पाठवता येतो. तो भारताच्या स्वतःच्या उपग्रहामार्फत बेंगळुरूच्या केंद्रात आणि तिथून तटरक्षक दलाकडे जातो. जुन्या डॅटमध्ये फक्त एकतर्फी संदेश जायचा. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या डॅटवर 'संदेश मिळाला' अशी पोचही येते. ब्लूटूथने ते मोबाईलला जोडता येतं आणि हवामानाच्या सूचना आपल्या भाषेत वाचता येतात. याशिवाय ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये मच्छीमार नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली.

फोन लागत असेल अशा ठिकाणाहून तटरक्षक दलाचा टोल फ्री नंबर आहे १५५४. संध्याकाळी परत यायची नौका आली नाही, तरी घरच्यांनी वाट बघत न बसता या नंबरवर कळवावं.

आणखी एक सावधगिरी. परदेशातला नातेवाईक सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून मेसेज करणारं छोटं यंत्र भेट म्हणून आणत असेल, तर थांबवा. भारतात ते सरकारच्या दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही. नकळत आणलेल्या प्रवाशांवरही विमानतळावर कारवाई झालेली आहे.

हे लक्षात ठेवा

१. बीकनची नोंदणी करा. फोन नंबर, मालक किंवा होडी बदलली की नोंदणीही बदला.

२. बीकनच्या बॅटरीची आणि आपोआप सुटणाऱ्या कुलपाची मुदत लिहून ठेवा. कुलूप साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं.

३. तपासणी फक्त 'टेस्ट' बटणाने. खरं बटण गंमत म्हणून दाबू नका. चुकून दाबलं गेलं तर लगेच बंद करून तटरक्षक दलाला कळवा.

४. बीकन सुरू केल्यावर अँटेना आकाशाकडे सरळ ठेवा आणि मदत येईपर्यंत बंद करू नका. बॅटरी वाचवायच्या नादात बंद-चालू केलं तर शोधणाऱ्यांचा माग तुटतो.

५. निघण्याआधी घरी सांगा : कुठे जातोय, किती जण आहोत, कधी परतणार. शक्य असेल तर कागदावर लिहून ठेवा.

यातल्या पाचव्या गोष्टीला एक रुपयाही लागत नाही. तुमच्या गावातलं, ओळखीतलं कोणी होडीवर, ट्रॉलरवर किंवा मर्चंट नेव्हीत असेल, तर ही माहिती त्यांच्यापर्यंत आणि त्यांच्या घरच्यांपर्यंत नक्की पोहोचवा.